‘थंड’ औषधाचा ताप

वैशाखाचे ऊन तापू लागले, की द्वारका परिसरातील माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते : ‘‘डॉक्टर, उष्णता झाली आहे.’’ कुणाचे तोंड आलेले असते, कुणाला लघवीला जळजळ होते, कुणाचे डोळे चुरचुरतात. थर्मामीटर लावावा तर ताप मुळीच नसतो! आणि मी गोळी लिहू लागलो, की दुसरा प्रश्न ठरलेला : ‘‘ही गरम तर पडणार नाही ना?’’ एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते मला वैद्य मित्रांकडून शिकावे लागले.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. ते रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे न चुकता घेत, आणि त्या गोळीत लघवीवाटे मीठ-पाणी काढणारे औषधही होते. एरवी 130/80 च्या जवळ असणारा रक्तदाब त्या दिवशी 180/100 भरला. पायांवर सूज होती. जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, असेही ते म्हणाले. मीठ वाढले का, गोळी चुकली का, सारे विचारून झाले. ‘‘दुसरे काही औषध?’’ ‘‘छे, काही नाही.’’

तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘औषध असे नाही हो. आम्लपित्तासाठी दोन महिने ज्येष्ठमधाचे चूर्ण घेताहेत, सकाळ-संध्याकाळ चमचाभर. पण तो तर थंड असतो ना?’’

रक्त तपासले. पोटॅशियम 2.8 आले, ते निदान 3.5 तरी हवे. ईसीजी काढून त्यांना लगेच फिजिशियनकडे पाठवले. चूर्ण बंद झाले, पोटॅशियम भरून काढले आणि काही आठवड्यांत रक्तदाब जागेवर आला.

बाईंचे म्हणणे चुकीचे नव्हते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ज्येष्ठमध शीतच सांगितला आहे. पण आयुर्वेदातले ‘शीत’ म्हणजे माठातले पाणी नव्हे, आणि ‘बिनधोक’ तर नव्हेच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 26 व्या अध्यायात हा विषय आला आहे. द्रव्य जिभेवर ठेवताच कळतो तो रस. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट असे हे सहा रस. द्रव्य शरीरात ज्या शक्तीने काम करते ते वीर्य. त्यात उष्ण आणि शीत हे मुख्य. पचन पूर्ण झाल्यावर जो परिणाम उरतो तो विपाक. गोड व खारट पदार्थांचा विपाक मधुर, आंबटाचा आंबट, आणि तिखट, कडू व तुरट यांचा तिखट, हा सर्वसाधारण नियम.

पण या नियमाला अपवाद आहेत, आणि घरगुती अंदाज चुकतात ते तिथेच. सुंठ जिभेला तिखट, वीर्याने उष्ण, पण विपाक मधुर. आवळा आंबट लागतो, तरी वीर्य शीत आणि विपाक मधुर. पुदिना तोंडाला गार वाटतो, पण त्याची गणना उष्ण द्रव्यांत होते. म्हणजे जिभेची साक्ष पुरेशी नाही.

याहीपुढे ग्रंथकारांनी ‘प्रभाव’ सांगितला. चित्रक आणि दंती ही दोन्ही द्रव्ये तिखट, दोघांचे वीर्य उष्ण, विपाकही तिखट. पण जुलाब होतात ते दंतीने. उष्ण-शीत एवढ्यावरून द्रव्याचे सारे काम कळत नाही, हे त्या काळच्या वैद्यांनाही ठाऊक होते. इतकेच काय, पिंपळी, क्षार आणि मीठ यांचा अतिवापर टाळा, असे चरकांनी विमानस्थानात बजावले आहे. ही तिन्ही उपयोगी द्रव्येच, दोष अतिरेकाचा.

ज्येष्ठमधाचे तसेच. त्यातील ग्लिसिरायझिन या द्रव्यामुळे मूत्रपिंडातील एका एन्झाइमचे काम मंदावते. मग शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. आमच्या गृहस्थांच्या गोळीनेही पोटॅशियम घटतेच. दोन्ही एकत्र आली आणि घोटाळा झाला.

गुळवेलीचे उदाहरणही ध्यानात ठेवावे. ती कडू, म्हणून ‘थंडच असणार’ असे पुष्कळांना वाटते. ग्रंथांत मात्र ती उष्ण वीर्याची आहे. कोरोनाच्या साथीत घरोघर तिचे काढे झाले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरात आली असण्याची शक्यता मांडली. वाद बाजूला ठेवला तरी वेल ओळखीची हवी आणि सल्ला जाणकाराचा हवा, हे दोन्ही बाजूंनी खरेच ठरते.

मग काय करावे? खोकल्यात ज्येष्ठमधाची कांडी एखाद-दुसरा दिवस चघळणाऱ्या धडधाकट माणसाने घाबरून जाऊ नये. मात्र रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो विचारल्याशिवाय घेऊ नये. कोणतेही चूर्ण वा काढा रोज, आठवडेच्या आठवडे घ्यायचा असेल, तर शिकलेल्या वैद्यांना प्रकृती दाखवावी आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावे सांगावीत. आम्हा ॲलोपॅथीवाल्यांकडे येताना घरातल्या पुड्या आणि बाटल्याही पिशवीत घालून आणाव्यात. आम्ही रागावणार नाही. आणि कुणी रागावलेच, तरी सांगायचे सोडू नये.

त्या दिवसापासून मी माझा प्रश्न बदलला आहे. ‘‘दुसरे औषध घेता का?’’ असे न विचारता मी विचारतो, ‘‘घरात थंड म्हणून काय काय घेता?’’ उत्तर लगेच मिळते.