आयसोलेपिस सर्नुआ
(कुल–सायपेरेसी). नागरमोथ्याच्या कुलातील ही लहान, वर्षायू किंवा अल्पकाळ जगणारी बहुवर्षायू ओषधी पश्चिम यूरोप, भूमध्य सामुद्रिक प्रदेश, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेचा पश्चिम भाग येथील मूळची आहे. मार्टिन व्हाल यांनी केलेले तिचे वर्णन १८०५ मध्ये स्किर्पस या प्रजातीत प्रसिद्ध झाले. १८१७ मध्ये तिचा अंतर्भाव आयसोलेपिस प्रजातीत करण्यात आला. ‘सर्नुआ’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मान लवलेली’ असा आहे.

हिची केसासारखी बारीक, हिरवी खोडे झुबक्याने वाढतात व बहुधा ५–३० सेंमी. उंच असतात. पाने एक-दोनच, त्यांचे पाते अनेकदा आखूड आणि आवरक (खोडास वेढणारा तळभाग) नळीसारखा असतो. खोडाच्या टोकास बहुधा एकच, २–५ मिमी. लांबीचे, अंडाकृती कणिशक येते. त्याखालचा छद आखूड असून खोडाच्या सरळ रेषेत वाढतो. त्यामुळे कणिशक बाजूस आल्यासारखे भासते. फुलांना परिदले नसतात. किंजल्क बहुधा तीन. फळ शुष्क, एकबीजी, त्रिधारी व सु. १ मिमी. लांब असते. आयसोलेपिस सेटॅसिया या जवळच्या जातीत फळावर उभ्या रेषा असतात, हिचे फळ मात्र जवळजवळ गुळगुळीत असते.

समुद्रकाठच्या लवण-दलदलीच्या वरच्या कडेला, जेथे जमिनीतून गोडे पाणी पाझरते, तसेच वाळूच्या टेकड्यांमधील ओलसर खळग्यांत व ओढ्यांच्या काठी ही वनस्पती वाढते. भरतीचे खारे पाणी व पाझराचे गोडे पाणी यांमधील ही पट्टी अरुंद असते. चर खणून पाणी काढणे, भराव घालणे किंवा बांध बांधणे यांमुळे ती प्रथम नष्ट होते. समुद्राची पातळी वाढत असता दलदल जमिनीकडे सरकू शकते. परंतु मागे बांध असल्यास तिला जागा उरत नाही. ऑस्ट्रेलियात उपोष्ण व समशीतोष्ण किनाऱ्यांवरील लवण-दलदलींना २०१३ मध्ये राष्ट्रीय कायद्यानुसार धोक्यात आलेला परिसंस्था-समूह म्हणून सूचिबद्ध करण्यात आले.

लोंबत्या खोडांच्या टोकांवरील कणिशके प्रकाशीय तंतूंच्या दिव्यासारखी दिसतात. म्हणून ही कुंडीत शोभेसाठीही लावतात. माती सतत ओली ठेवावी लागते. नवीन लागवड बिया पेरून किंवा झुबके विभागून करतात.