प्रेक्षक हा ग्राहक आहे काय?

अमेरिकेतील ‘एमएसएनबीसी’ या अखंड वृत्तवाहिनीवर रोज सकाळी सहा वाजता सुरू होणाऱ्या ‘मॉर्निंग जो’ या चर्चात्मक कार्यक्रमात १८ नोव्हेंबर २०२४ रोजी निवेदक जो स्कारबरो आणि त्यांच्या सहनिवेदिका व पत्नी मिका ब्रझेझिन्स्की यांनी प्रेक्षकांना एक वार्ता सांगितली. आदल्या शुक्रवारी ते दोघे फ्लोरिडातील मार-ए-लागो येथे जाऊन नवनिर्वाचित अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना भेटून आले होते. पत्रकाराने सत्ताधाऱ्याची गाठ घेणे यात वस्तुतः नवे काही नाही. तो त्याच्या व्यवसायाचाच भाग होय. परंतु निवडणुकीपूर्वी कित्येक महिने याच मंचावरून ट्रम्प हे लोकशाहीला धोका आहेत असे बजावून सांगितले जात होते, आणि आता त्याच मुखांतून संवादाचा मार्ग पुन्हा खुला करण्याची भाषा ऐकू आली. वर्षानुवर्षे पहाटेचा चहा या दोघांच्या सोबतीने घेणाऱ्या प्रेक्षकवर्गाला तो विश्वासघात वाटला.

प्रतिक्रिया तत्काळ उमटली. समाजमाध्यमांवर संतप्त मजकुराचा पाऊस पडला, यापुढे हा कार्यक्रम पाहणार नाही अशा प्रतिज्ञा झाल्या, आणि लगोलग प्रेक्षकसंख्येचे आकडेही खाली आले. ही सारी घट त्या एका भेटीच्या माथी मारणे अर्थातच शास्त्रशुद्ध होणार नाही. निवडणुकीतील पराभवानंतर डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असलेला प्रेक्षक राजकीय बातम्यांनाच विटला होता आणि वाहिनीची घसरण भेटीच्या आधीच सुरू झाली होती. दोन कारणे एकाच वेळी काम करीत असता प्रत्येकाचा हिस्सा वेगळा काढणे किती कठीण असते, हे सांख्यिकीच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तथापि रोष खरा होता, आणि तो परक्यांचा नव्हता, घरच्यांचा होता.

या कार्यक्रमाच्या वाट्याला असा रोष पूर्वीही आला होता. २०१६ साली ट्रम्प वारंवार दूरध्वनीवरून कार्यक्रमात बोलत असत, तेव्हा निवेदक त्यांच्याशी फारच सलगीने वागतात असा आक्षेप होता. पुढे संबंध इतके बिघडले की, जून २०१७ मध्ये अध्यक्षपदावरील ट्रम्प यांनी ब्रझेझिन्स्की यांच्या चेहऱ्याविषयी हीन शब्द लिहिले. जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाल्यानंतरच्या सोमवारी वाहिनीने हा कार्यक्रम दाखविलाच नाही. तेव्हाही प्रेक्षक चिडले, आणि दुसऱ्या दिवशी निवेदकांनीच आपली नाराजी पडद्यावरून बोलून दाखविली. थोडक्यात, हा प्रेक्षक मुका नाही. प्रश्न इतकाच की, त्याच्या बोलण्याने नेमके काय घडते?

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा सर्वात सुबोध विचार आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या छोटेखानी ग्रंथात केला आहे. एखाद्या संस्थेची गुणवत्ता ढासळू लागली म्हणजे तिच्या ग्राहकासमोर दोन मार्ग असतात. एक, तिला सोडून जाणे; दुसरा, आत राहून तक्रार करणे. पहिला बाजाराचा मार्ग, दुसरा राजकारणाचा. हिर्शमन यांना हा विचार सुचला तो नायजेरियातील रेल्वे पाहून. उत्तरेतील शेंगदाणा बंदरापर्यंत नेण्यासाठी मालमोटारी उपलब्ध झाल्या. स्पर्धेमुळे रेल्वे सुधारावयास हवी होती. प्रत्यक्षात झाले उलटेच. ज्या व्यापाऱ्यांची तक्रार सर्वात बोचरी ठरली असती, तेच मालमोटारींकडे वळले. मागे राहिलेल्यांच्या ओरडण्यास वजन नव्हते, आणि तूट सरकार भरून काढणार असल्याने रेल्वेस फिकीर नव्हती. आपल्याकडील ज्या पालकांना शाळेच्या गुणवत्तेची सर्वाधिक चाड असते तेच पाल्याला प्रथम खाजगी शाळेत हलवितात आणि पालकसभा ओस पडते, हे दृश्य शिक्षकवर्गाला अपरिचित नाही.

हाच न्याय वृत्तवाहिनीस लावून पाहिला तर नोव्हेंबर २०२४ मध्ये जे घडले त्याचा वेगळाच अर्थ दिसू लागतो. निवेदकांची पूर्वीची विधाने ध्यानात ठेवणारा आणि त्यांच्याशी आजच्या कृतीचा मेळ घालणारा जो चोखंदळ प्रेक्षक, तोच आधी उठून गेला. ज्याला त्या विसंगतीचे काही वाटले नाही, तो बसून राहिला. म्हणजे जाब विचारणारे गेले, आणि जाब न विचारणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

परंतु वाहिनीची स्थिती रेल्वेहूनही चमत्कारिक आहे. कारण येथे सोडून जाण्याचा आर्थिक फटकाही पुरतेपणी बसत नाही. अमेरिकेतील केबल वृत्तवाहिनीच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग केबल कंपन्यांकडून दर जोडणीमागे मिळणाऱ्या शुल्कातून येतो. हे शुल्क ग्राहकाच्या मासिक बिलात इतर वाहिन्यांसह बांधलेले असते आणि त्याचे करार काही वर्षांसाठी होतात. एखाद्याने रागाच्या भरात कळ दाबून दुसरी वाहिनी लावली, तरी ज्या वाहिनीवर त्याने बहिष्कार घातला तिचे पैसे तो महिनाअखेर भरतोच. वाण्याचा माल घ्यावयाचा नाही, पण त्याचे बिल मात्र चुकवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

उरला जाहिरातींचा भाग. तेथे प्रेक्षक हा ग्राहक नसून माल आहे. ग्राहक आहे जाहिरातदार, आणि वाहिनी त्याला प्रेक्षकांचे लक्ष विकते. बरे, या मालालाही प्रतवारी आहे. वृत्तवाहिन्यांच्या जाहिरातींचा दर ठरविताना २५ ते ५४ या वयोगटातील प्रेक्षक मोजले जातात, आणि ‘एमएसएनबीसी’च्या प्रेक्षकांचे मध्यक वय मात्र सत्तरीच्या आसपास होते. म्हणजे जो निवृत्त शिक्षक वा कारकून पहाटे उठून संपूर्ण कार्यक्रम मन लावून पाहतो, पटले नाही तर रीतसर पत्र लिहितो, त्याचा बाजारभाव जवळजवळ शून्य! त्याच्या संतापालाही मग तीच किंमत.

शिवाय त्याचे जाणे मोजले तरी जाते काय? प्रेक्षकसंख्येचे मापन वर्षानुवर्षे निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून केले गेले. नमुन्यावरून समग्राचा अंदाज बांधण्याची पद्धत मुळात निर्दोष आहे, यात शंका नाही. पण ज्याच्या घरी यंत्र नाही त्याने संच खिडकीतून फेकून दिला तरी त्याची नोंद कोठेही होत नाही. भारतात २०२० च्या सुमारास सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच होते आणि ‘बार्क’ या संस्थेची मापक यंत्रे होती सुमारे ४४ हजार घरांत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, अशा काही घरांना पैसे देऊन ठराविक वाहिन्या चालू ठेवण्यास सांगितले गेल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला. पुढे राज्य शासनाने तो खटला मागे घेतला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्यास अनुमती दिली. त्यामुळे आरोपाची तड लागली नाही. मात्र त्या निमित्ताने वृत्तवाहिन्यांचे गुणांक ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा महिने, प्रसिद्ध होणे बंद झाले. या काळात कोणत्या वाहिनीकडे प्रेक्षक वळले व कोणत्या वाहिनीला कंटाळले, हे देशात कोणालाही अधिकृतपणे कळत नव्हते. वाहिन्या मात्र अखंड चालू होत्या, जाहिरातीही चालू होत्या.

मग प्रेक्षकाचा आवाज कधीच पोहोचत नाही काय? तसे नाही. गंमत अशी की, ‘मॉर्निंग जो’ हा कार्यक्रमच मुळी एका यशस्वी निषेधाच्या पोटी जन्मास आला. ‘एमएसएनबीसी’ १९९६ साली सुरू झाली तेव्हापासून सकाळची ही वेळ डॉन आयमस या फटकळ नभोवाणी निवेदकाच्या कार्यक्रमासाठी राखलेली होती. नभोवाणीवरील गप्पाच पडद्यावर दाखविल्या जात. ४ एप्रिल २००७ रोजी आयमस यांनी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाविषयी वर्ण आणि स्त्रीत्व या दोहोंची विटंबना करणारे शब्द उच्चारले. त्या संघातील दहांपैकी आठ मुली कृष्णवर्णीय होत्या, आणि आदल्याच रात्री त्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळल्या होत्या. कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संघटनेने निवेदकाच्या हकालपट्टीची मागणी केली. प्रथम दोन आठवड्यांच्या निलंबनावर भागविण्याचा प्रयत्न झाला. १० एप्रिलला त्या मुली आपल्या प्रशिक्षिका व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्यासह वार्ताहरांसमोर बसल्या आणि शांतपणे बोलल्या. त्याच सुमारास प्रॉक्टर अँड गँबल, जनरल मोटर्स, अमेरिकन एक्स्प्रेस, स्टेपल्स अशा मोठ्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. ११ एप्रिलला वाहिनीने कार्यक्रम बंद केला, आणि १२ एप्रिलला सीबीएस नभोवाणीने आयमस यांना कामावरून दूर केले. सारा मामला आठ दिवसांत आटोपला.

आयमस यांची जीभ काही त्याच आठवड्यात सैल झाली नव्हती. त्यांचे फटकळपण अकरा वर्षे पडद्यावर खपवून घेतले गेले होते. या खेपेस निराळे होते ते हे की, तक्रार संघटित होती, ती ज्यांचा अपमान झाला त्यांच्या मुखातून आली, आणि ती खऱ्या ग्राहकाच्या, म्हणजे जाहिरातदाराच्या कानी पडली. वाहिनीतील अनेक कर्मचाऱ्यांनीही आतून आक्षेप नोंदविला होता, हेही विसरता कामा नये. नैतिक बळ मुलींचे होते. तराजू झुकला तो मात्र जाहिरातीच्या रकमेने. तोही कायमचा झुकला असे नव्हे. डिसेंबर २००७ मध्ये आयमस न्यूयॉर्कच्या दुसऱ्या नभोवाणी केंद्रावर पुन्हा बोलू लागले.

तक्रारीला बाजाराबाहेरचा दरवाजा असावा, असाही एक मार्ग आहे. ब्रिटनमध्ये ‘ऑफकॉम’ हे नियामक मंडळ सामान्य प्रेक्षकाची तक्रार नोंदवून घेते. मार्च २०२१ मध्ये ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ या आयटीव्हीवरील प्रातःकालीन कार्यक्रमात पिअर्स मॉर्गन यांनी मेगन मार्कल यांच्या आत्महत्येच्या विचारांविषयीच्या कथनावर अविश्वास दाखविला, तेव्हा मंडळाकडे ५७ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. मॉर्गन यांनी दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम सोडला. पुढे सप्टेंबरमध्ये नियमभंग झाला नसल्याचा निर्णय मंडळाने दिला. तक्रारदारांच्या दृष्टीने तो पराभव. पण पन्नास हजार माणसांचे म्हणणे वाचले गेले, त्यावर विचार झाला आणि कारणांसह लेखी उत्तर मिळाले. अमेरिकेत केबल वृत्तवाहिनीच्या मजकुराविषयी अशी दाद मागण्याची सोय नाही. आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहता, ट्रम्प यांच्यासारखा अध्यक्ष असता असे मंडळ कोणाच्या हाती गेले असते, या शंकेने तेथील विचारी माणूस ती सोय मागण्यासही कचरेल.

आता अर्थकारण बदलत आहे. केबलच्या जोडण्या दरवर्षी कमी होत आहेत. ‘एमएसएनबीसी’ला मूळ कंपनीपासून विभक्त करण्यात आले, आणि १५ नोव्हेंबर २०२५ पासून ती ‘एमएस नाऊ’ या नावाने ओळखली जाते. केबल शुल्काची पुंजी आटत जाईल तसतसे अशा वाहिन्यांना थेट प्रेक्षकाच्या खिशाकडेच वळावे लागेल. तेव्हा प्रेक्षक खरोखरीच ग्राहक होईल, आणि त्याच्या जाण्याची नोंद त्याच महिन्यात घ्यावी लागेल. हे इष्टच आहे असे वाटण्याचा मोह होतो. पण पैसे मोजणारा ग्राहक आवडीचाच माल मागतो. ज्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पाठ फिरविली त्यांपैकी काहींना निवेदकांची विसंगती खुपली, हे खरे. काहींना मात्र ती भेटच, म्हणजे विरुद्ध बाजूशी बोलणेच, नकोसे होते. आकड्यांत हे दोघे सारखेच दिसतात.

प्रेक्षकाला नेमके काय हवे असते, हे कोडे या कार्यक्रमाने आपल्या बाल्यातच घातले होते. २६ जून २००७ रोजी पॅरिस हिल्टन ही धनिक तरुणी तुरुंगातून सुटली, आणि संपादकांनी तीच पहिली बातमी म्हणून ब्रझेझिन्स्की यांच्या हाती दिली. त्याच सकाळी सिनेटर रिचर्ड लुगर यांनी इराक युद्धाबाबत आपल्याच पक्षाच्या अध्यक्षापासून फारकत घेतल्याची वार्ता होती. ब्रझेझिन्स्की यांनी हिल्टनची बातमी आधी वाचण्यास नकार दिला. एका तासाला त्यांनी कागद जाळण्याचा प्रयत्न केला, पुढे तो फाडला, आणि अखेर कागद कातरण्याच्या यंत्रात घातला. त्या प्रसंगाची चित्रफीत देशभर फिरली, प्रेक्षकांनी त्यांना उचलून धरले. प्रेक्षकांना आवडते म्हणूनच ती बातमी अग्रभागी ठेवली होती, असे संपादकांचे म्हणणे असणार. निवेदिकेच्या हातातील कागदाचे तुकडे होत होते, आणि पडद्यावर हिल्टन तुरुंगातून हसत बाहेर येत असल्याचे दृश्य चालूच होते.