कॅराव्हॅन ओढायचीय? आधी टो बॉलवरचं वजन मोजा!

बैलगाडी भरताना जुनी माणसं दोन गोष्टी बघायची. गाडी उलाळ होत नाही ना, आणि धुरजड होत नाही ना. मागे जास्त माल पडला की जू वर उचललं जातं, ती उलाळ. पुढे जास्त पडला की सगळा भार बैलांच्या मानेवर, ती धुरजड. कारच्या मागे कॅराव्हॅन जोडताना नेमका हाच हिशोब करावा लागतो. फक्त बैलाच्या मानेच्या जागी कारच्या मागचा लोखंडी गोळा येतो, म्हणजे टो बॉल. त्या गोळ्यावर ट्रेलरचं जेवढं वजन खाली दाबतं, त्याला म्हणतात टो बॉल वेट.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि रील्समध्ये तर आता रोज कोणीतरी चाकांवरचं घर दाखवतंय. त्यातल्या बऱ्याच गाड्या मोटरहोम असतात, म्हणजे घर आणि इंजिन एकाच चासीवर. तिथे हा प्रश्नच येत नाही. ट्रेलर वेगळा असेल तेव्हा मात्र येतो. मी पडेगावात राहतो. वेरूळला जाणारा रस्ता इथूनच मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादच्या घाटाकडे जातो. माझा एक मित्र सध्या छोटा कॅराव्हॅन ट्रेलर बनवून घेतोय, आणि त्याला बायको-पोरांना घेऊन पहिली फेरी याच घाटातून मारायचीय. त्याचा प्रश्न साधा होता: "माझी एसयूव्ही दीड टन ओढते म्हणतात, मग एक टनाच्या ट्रेलरचं टेन्शन कशाला?"

टेन्शन आहे, कारण ओढायची ताकद आणि गोळ्यावरचा भार या दोन वेगळ्या मर्यादा आहेत.

गोळ्यावर वजन येतं कुठून?

एका अॅक्सलचा ट्रेलर म्हणजे सी-सॉ. चाकं मध्ये, पुढे टो बॉल, मागे शेपूट. समजा भरलेला ट्रेलर १००० किलोचा आहे. चाकांपासून गोळ्यापर्यंत अंतर ४ मीटर. सगळ्या वजनाचा मध्यबिंदू चाकांच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे. मग गोळ्यावरचा भार: १००० गुणिले ०.३ भागिले ४, म्हणजे ७५ किलो. बाकीचे ९२५ किलो ट्रेलरच्या चाकांवर. आता शेपटाकडे, चाकांच्या १.२ मीटर मागे, ६० लिटर पाण्याची टाकी बसवून भरली, तर गोळ्यावरचा भार १८ किलोने कमी होतो. भांडी घासून टाकी रिकामी केली की तो परत वाढतो! म्हणून टाकी चाकांच्या जवळ बसवायची, म्हणजे भरली काय नि रिकामी काय, फार फरक पडत नाही.

किती भार योग्य? ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, ऑस्ट्रेलियात साधारण १० टक्के. तिथले ट्रेलर जड, अंतरं लांब आणि ओढणाऱ्या गाड्याही दणकट. म्हणजे जगभर चालेल असा एकच जादूचा आकडा नाही. पण शून्याच्या जवळ गेलात, किंवा गोळा वर उचलला जायला लागला, तर ट्रेलर रस्त्यावर सापासारखा वळवळायला लागतो. ट्रेडमिलवर खेळण्यातली कार आणि ट्रेलर ठेवून हे दाखवणारा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. वजन पुढे सरकवलं की धक्का मारला तरी ट्रेलर सरळ होतो. वजन मागे नेलं की एका टिचकीने डोलायला लागतो, तो थांबतच नाही.

मग भरपूर वजन पुढेच टाकू?

इथे गाडीच्या मर्यादा आडव्या येतात, आणि त्या एकापेक्षा जास्त आहेत. टोइंग हिचवर आणि गाडीच्या पुस्तिकेत गोळ्यावरचा कमाल भार दिलेला असतो. दोन आकडे वेगळे असतील तर लहान असेल तो खरा. पण तेवढं बघून थांबू नका, कारण गोळ्यावरचं वजन गाडीच्या पेलोडमध्येही मोजलं जातं. समजा तुमच्या गाडीचा पेलोड ५०० किलो आहे. ७० किलोची पाच माणसं, झाले ३५०. डिकीत ६० किलो सामान, हिचचं लोखंड २५ किलो. उरले फक्त ६५. वर काढलेले ७५ किलो त्यात बसतच नाहीत, हिचवर १०० लिहिलेलं असलं तरी! एक तर माणूस कमी करा किंवा सामान.

अजून एक गोष्ट आहे, जी वर्कशॉपमध्ये सहसा कोणी सांगत नाही. गोळा मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणून तो तरफेसारखं काम करतो. गोळा मागच्या अॅक्सलपासून १.२ मीटर मागे आणि गाडीचा व्हीलबेस २.७ मीटर असेल, तर ७५ किलोच्या भाराने मागच्या अॅक्सलवर १०८ किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरचे ३३ कमी होतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ब्रेकची पकड कमी, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यामागे इतरही कारणं असतात, पण दोन चाकांच्या ट्रॉलीचा हिचवरचा भार हे त्यातलं एक.

परदेशी व्हिडिओतले आकडे मात्र उचलू नका. शेंद्र्यात जुळणी होणारी स्कोडा कोडियाक युरोपात कॅराव्हॅन ओढताना दिसते, म्हणून तिथल्या पुस्तिकेतली मर्यादा इथल्या गाडीला लागू होते असं नाही. इथल्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत तर टोइंग करू नका असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला. वेल्डिंग कितीही चांगलं असू द्या. आणि हो, ट्रेलरला स्वतःची आरटीओ नोंदणी लागते.

मोजायचं कसं? फोन काढा

भुईकाट्यावर ट्रेलरचं एकूण वजन मिळेल, ते घ्याच. पण गोळ्यावरच्या भारासाठी तो काटा फार ढोबळ आहे, ५-१० किलोच्या टप्प्याने दाखवतो. त्यासाठी घरातला बाथरूम काटा पुरतो. सपाट जागी ट्रेलर सोडा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि ज्या ठिकाणी गोळा बसतो त्याच्या बरोबर खाली काटा ठेवून मध्ये लाकडी ठोकळा उभा करा. उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी. ट्रेलर पाण्याने, बॅटरीने, भांड्यांनी भरलेला असावा, रिकामा मोजून उपयोग नाही.

भार काट्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वाटला तर एक जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. ठोकळा विटेपासून एक तृतीयांश अंतरावर ठेवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट म्हणजे खरा भार. फळीमुळे काट्यावर आधीच दिसणारं वजन वजा करायला विसरू नका.

ट्रेलर समपातळीत आहे का, हे फोनच्या लेव्हल अॅपवर बघा. फोनमधला अॅक्सेलेरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरच ते चालतं. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन उताणा ठेवला तर रीडिंग चुकतं, म्हणून लांब कडेवर उभा ठेवा. एकदा मोजा, मग फोन टोकाटोकाने उलटा फिरवून परत मोजा. दोन्ही वेळा सारखंच आलं तर अॅपवर विश्वास ठेवा.

मित्राच्या ट्रेलरमध्ये पुढच्या पेटीत १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी होती, घरच्या इन्व्हर्टरला असते तसली, ५० किलोच्या वर. ती तोलायला त्याने मागे सायकल रॅक आणि स्टेपनी टांगली. काट्यावर आकडा छान आला! तरीही मी ते बदलायला लावलं. दोन टोकांना जड वजन म्हणजे डंबेल. एकदा का बाजूला झुलायला लागला की लवकर थांबत नाही. बॅटरी आता पलंगाखाली, चाकांच्या अगदी वर आहे. स्टेपनीही तिथेच जवळ, तळाला. सायकली घरी.

घाट उतरताना हे जास्त जाणवतं, कारण उतारावर ट्रेलर मागून गाडीला ढकलतो आणि वेग आपोआप वाढतो. वळणाच्या आधीच गिअर खाली घ्या. ट्रेलर डोलायला लागलाच, तर अॅक्सेलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. डोलण्याच्या उलट स्टिअरिंग मारू नका, जोरात ब्रेकही नको. वेग वाढवून सरळ होईल, असं सांगणारे व्हिडिओ आहेत, ते ऐकू नका. थांबल्यावर पहिलं काम म्हणजे मागचं दार उघडून बघणं की आत काय सरकलंय.