मधुमेहाचा उपशम आणि त्याची नोंद

एकदा मधुमेह जडला की तो जन्माचा सोबती, असे काल-परवापर्यंत डॉक्टर आणि रोगी दोघेही धरून चालत. गेल्या काही वर्षांत हा समज बराच सैल झाला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांचे विचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा जो प्रचार केला, त्यामुळे एचबीए१सी हा अवघड शब्द आपल्याकडे घरोघरच्या ओटीवर जाऊन बसला. गोळ्या सुटलेली माणसे आता प्रत्येक आळीत भेटतात, आणि ती मोठ्या समाधानाने सांगतात, "आम्ही मधुमेहमुक्त झालो."

त्यांच्या समाधानात आपणही सहभागी व्हावे. पण 'मुक्त' या शब्दापाशी मात्र थोडे थांबावयास हवे. कर्जमुक्त झालेला मनुष्य सावकाराची वाट विसरला तरी चालते. मधुमेहाची गोष्ट तशी आहे काय?

या अवस्थेला वैद्यकाने दिलेले नाव 'रिमिशन' असे आहे. आपण त्याला उपशम म्हणू. २०२१ साली अमेरिका व युरोप येथील मधुमेहतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र बसून त्याची व्याख्या ठरविली. साखर उतरविणारी सर्व औषधे थांबवून किमान तीन महिने लोटल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिला, तर त्यास उपशम म्हणावे. 'बरा झाला' हा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला, आणि उपशम झालेल्याने निदान वर्षातून एकदा ही तपासणी करीत राहावे असे सांगून ठेवले.

असे का, हे ब्रिटनमधील एका प्रयोगावरून कळते. 'डायरेक्ट' नावाच्या या प्रयोगात प्रा. रॉय टेलर व प्रा. माइक लीन यांनी रोग्यांना काही महिने अगदी अल्प आहारावर ठेवून त्यांची वजने उतरविली. वर्षाअखेर शेकडा ४६ जणांचा मधुमेह शमला. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ वर आले. पुढे पाच वर्षांपर्यंत ज्यांच्यावर लक्ष ठेवले गेले, त्या ८५ जणांपैकी ११ जणच उपशमात राहिले होते. यात निराश होण्यासारखे काही नाही. यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागते. वजन परतले की चरबीही परतते. अंगकाठी किडकिडीत असली म्हणून निर्धास्त राहू नये. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

दुसरे असे की, साखर खाली आली म्हणून आधी झालेली इजा पुसली जात नाही. डोळ्यांच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे, पायांच्या नसा यांना पूर्वीच्या वर्षांत जो त्रास झाला, तो आपल्या मार्गाने पुढे जाऊ शकतो. ज्याच्या दृष्टिपटलाला आधीच इजा आहे, त्याची साखर झपाट्याने उतरली तर काही काळ ती इजा वाढलेलीही आढळते. म्हणून गोळ्या सुटल्या तरी डोळे, लघवीतील प्रथिन, रक्तदाब आणि पाय यांची तपासणी सुटत नाही.

येथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती गोष्ट म्हणजे कागद. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तर या प्रश्नाला विशेष धार आहे, कारण आपली अर्धी माणसे मुंबईत आणि त्यांचे कागदही तेथेच.

समजा, लांज्याकडील एक गृहस्थ परळ-लालबागेत नोकरी करीत होते. तेथे मधुमेह निघाला आणि गोळ्या चालू झाल्या. निवृत्त होऊन गावी आले, चालणे वाढले, वजन उतरले आणि गोळ्या सुटल्या. पुढे पाय मोडून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. मुलाने घाईत जुनी फाईल दाखविली, तीवरून जुन्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि रात्री साखर एकदम खाली जाऊन गृहस्थ घामाघूम व बेशुद्ध! आता याच्या उलट कल्पना करा. त्यांनी स्वतःच "मधुमेह? छे, तो गेला" असे सांगितले, आणि कागदावर 'मधुमेह नाही' असे लिहिले गेले. पुढे दम्यासाठी स्टेरॉइड दिले गेले. त्या औषधाने साखर भराभर चढते. पण जेथे मधुमेहच नाही, तेथे ती तपासणार कोण? पहिल्या वेळी नोंद जुनी होती, दुसऱ्या वेळी ती पुसली गेली होती. धोका दोन्हीकडे सारखाच.

मग लिहावे तरी काय? याचे उत्तर आपल्या सातबाऱ्यातच आहे. सोसायटीचे कर्ज काढले की 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो. कर्ज फिटले की नवा फेरफार होऊन तो बोजा उतरतो; परंतु म्हणून जुना फेरफार कोणी फाडून टाकीत नाही. जमिनीचा इतिहास त्यात राहतो. शरीराच्या दप्तरातही तसेच असावे. 'मधुमेह आहे' नव्हे, 'मधुमेह नाही' हेही नव्हे. तर 'मधुमेह अमुक साली, औषधे अमुक तारखेस बंद, तेव्हापासून उपशमात' असा फेरफार पडावा. अमेरिकेतील रोगांच्या सांकेतिक यादीत मधुमेहाच्या उपशमासाठी ऑक्टोबर २०२४ पासून स्वतंत्र खूण आली आहे, यावरून या नोंदीचे महत्त्व ध्यानात यावे.

ही नोंद सांभाळावयाची कोणी? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रोग्याचे कागद डॉक्टरांनी उपचाराच्या प्रारंभापासून तीन वर्षे ठेवावयाचे आहेत, आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावयाचे आहेत. असे कागद मागणाऱ्या रोग्याला ते गुप्त आहेत असे सांगून रुग्णालयाला नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. पण मधुमेहाचा रोगी बहुधा दाखल होतच नाही. तो बाह्यरुग्ण असतो. त्याचा केसपेपर त्याच्याच पिशवीत असतो आणि घर रंगविताना तो हरवतो. २०२१ पासून देशभर चालू झालेल्या योजनेत चौदा आकडी 'आभा' क्रमांक मिळतो, आणि आपल्या संमतीने निरनिराळ्या ठिकाणचे अहवाल त्याला जोडता येतात. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र नुसता क्रमांक काढून भागत नाही. जे कागद त्याला जोडलेच नाहीत, ते तेथे सापडणार नाहीत.

म्हणून घरात एक साधी वही असावी. पहिल्या पानावर निदानाचे वर्ष, त्या वेळचा एचबीए१सी व वजन, घेतलेल्या औषधांची नावे आणि ती बंद झाल्याची तारीख. पुढे दरसाल एक ओळ : एचबीए१सी, वजन, रक्तदाब, डोळे, लघवी, पाय. अॅनिमिया असल्यास तेही लिहावे. कारण लोह कमी पडले की एचबीए१सी फुगतो, आणि रक्तस्राव झाल्यावर किंवा रक्त चढविल्यावरही तो फसवा ठरतो. अशा वेळी उपाशीपोटीची साखर पाहावी लागते. ती १२६ मिलिग्रॅमच्या खाली असावयास हवी. ज्या स्त्रीचा मधुमेह शमला आहे तिने गर्भधारणेपूर्वीच ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

तपासणीचा दिवस कोणता धरावा, असे कोणी विचारील. आपल्याकडे त्याला नामी मुहूर्त आहे. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्या उघडतात आणि भल्याभल्यांचा निग्रह ढळतो. तेव्हा आंब्याचा हंगाम सरून मृग लागला की रक्त तपासावे. आकडा चांगला निघाला तर आनंदाने वहीत लिहावा. वाढलेला निघाला, तर तोही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावा, डॉक्टरांना दाखवावा आणि लाजू नये. परत आलेला मधुमेह लवकर दिसला तर त्याला पुन्हा शमविण्याची संधी असते. न पाहिलेला मधुमेह ती संधी देत नाही.