मुलांचें तोंड येऊं नये म्हणून

तोंड आलें म्हटलें कीं आपल्याकडे पोटांतील उष्णतेला दोष देण्याची रीत आहे. परंतु कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या मुलाचें तोंड येतें, त्याचें कारण निराळें असून बंदोबस्तही निराळा करावा लागतो.

१९४७ सालीं बोस्टन येथें डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन हें औषध देऊन पाहिलें. कांहीं मुलांचा रोग तात्पुरता हटला; पण तोंडांत व्रणही उठले. असें कां व्हावें? हीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, आणि तोंडाचें नाजूक अस्तर सतत नवें करणाऱ्या पेशीही तशाच. औषधाला आपपर कळत नाहीं. अस्तर झिजतें व साधारण ५ ते १० दिवसांत व्रण दिसूं लागतात. त्याच सुमारास रक्तांतील पांढऱ्या पेशीही घटतात. तट ढासळावा आणि पहारेकरीही नसावेत, अशी ही स्थिति. तोंडांतील जंतु रक्तांत शिरूं शकतात, मूल खाईनासें होतें, आणि पुढील मात्रा लांबली तर रोगाला सवड मिळते.

म्हणून निगा व्रण येण्यापूर्वींच सुरू व्हावी. उपचारापूर्वीं दांत दंतवैद्याला दाखवावे. मऊ ब्रशानें दिवसांतून दोनदां दांत घासावे; तान्ह्या बालकाचें तोंड ओल्या मऊ कापडानें पुसावें. चूळ थुंकतां येणाऱ्या मुलाला जेवणानंतर व निजतांना, पेलाभर कोमट पाण्यांत पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून चुळा भरावयास लावाव्या. तिखट, आंबट व कडक पदार्थ टाळून मऊ भात, वरण, खिचडी निववून द्यावी. हळद, कात, तुरटी आपल्या मनानें लावूं नये.

कांहीं ठराविक औषधें देतांना मोठ्या मुलांना बर्फाचे खडे चघळावयास देतात. गारव्यानें रक्तवाहिन्या आकुंचन पावून अस्तरापर्यंत औषध कमी पोंचतें. कांहीं रुग्णालयांत विशिष्ट तांबड्या प्रकाशाचाही उपयोग करतात. हे दोन्ही उपाय डॉक्टरांनीं सांगितले तरच करावयाचे.

सुई टोंचतील या भीतीनें मूल दुखणें लपवितें. यास्तव रोज सकाळीं उजेडांत त्याचें तोंड स्वतः पाहावें. पांढरे चट्टे वा रक्त दिसल्यास, पाणीही गिळवेनासें झाल्यास डॉक्टरांना कळवावें, ताप १००.४ अंशांवर गेल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. इतकें करूनही व्रण येतील. तेव्हां आईनें स्वतःला दोष देऊं नये. पण ते लौकर दिसले, तर लौकर आवरतां येतात.