सुतकांत आलेली आंब्यांची पेटी

चैत्र-वैशाख हे पुण्यांतल्या घरांना एकंदरींत मानवणारे महिने आहेत, असें आमचें मत आहे. ऊन कडक खरें. पण पाडव्यास श्रीखंड होतें, तृतीयेस चैत्रगौर झोपाळ्यांत बसते, घरोघर कैरीची डाळ आणि पन्हें होतें, परीक्षा आटोपलेलीं मुलें दुपारभर जिन्यांत पत्ते कुटीत बसतात, आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमारास आंब्यांची पहिली पेटी फुटते. २०२१ सालच्या उन्हाळ्यानें हा सारा क्रम विसकटून टाकला. त्या महिन्यांत ज्यांच्या घरीं कोणी गेलें नाहीं अशीं कुटुंबें आमच्या आळींत थोडींच असतील. आज कांहीं वर्षें लोटल्यावर मागें वळून पाहतों, तेव्हां दुःखाच्या जोडीनें कांहीं अगदीं लहान गोष्टी आठवतात. त्या लिहून ठेवाव्या असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

त्या वर्षीं पाडवा १३ एप्रिलला आला. दुसऱ्याच रात्रीं आठ वाजतां राज्यभर निर्बंध लागू झाले, आणि आठवड्याभरांत किराणा-भाजीचीं दुकानें सकाळीं सात ते अकरा एवढींच उघडीं राहूं लागलीं. लग्नास पंचवीस माणसें आणि दोन तास, अंत्यविधीस वीस माणसें, असे आंकडे सरकारनें ठरवून दिले होते. २१ एप्रिलला नाशिकास महापालिकेच्या इस्पितळांत प्राणवायूच्या टांकीला गळती लागून वीसांहून अधिक रोगी दगावले. ही बातमी घरांत मोठ्यानें वाचण्याचें कोणासहि धैर्य झालें नाहीं. कारण त्या दिवशीं आमचे थोरले काका स्वतः प्राणवायूवर होते.

काका मिलिटरी अकौंट्समधून निवृत्त झालेले. हिशेब हा त्यांचा व्यवसाय आणि विरंगुळाहि. दूध, वर्तमानपत्र, इस्त्रीचे कपडे, सर्व कांहीं वहींत टिपलेलें असे. आंब्यांसाठीं तर निराळी वही होती. पेटी कोणत्या तारखेस आली, किती नग निघाले, किती डागी, असे चाळीस वर्षांचे आंकडे तींत सांपडतील. काकूंनाहि ताप आला होता. पण त्या घरच्या घरीं निभावल्या. मात्र त्यांस कसलाच वास येईनासा झाला. इस्पितळांत खाट मिळवितांना काय यातायात पडली तें येथें सांगत नाहीं. त्या दिवसांत ज्यांनीं ती केली त्यांस सांगण्याची जरुरी नाहीं, आणि इतरांस सांगून कळणार नाहीं. हनुमानजयंतीच्या दुसऱ्या दिवशीं, २८ एप्रिलला, पहांटें काका गेले. वैकुंठांत आम्ही तिघेच होतों. चेहरा दिसला नाहीं.

त्यांचा एकुलता मुलगा, आमचे चुलतबंधु, मेलबर्न येथें असतात. ऑस्ट्रेलिया सरकारनें आदल्याच दिवशीं हिंदुस्थानांतून येणारीं विमानें बंद केलीं होतीं, आणि तेथील नागरिकांस देश सोडण्यास परवानगी लागत असे ती निराळीच. बंधूंनीं अग्निसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिला. आपल्याकडे सकाळचे अकरा, त्यांच्याकडे दुपारचे साडेतीन. "मी तेथें नव्हतों" हें एकच वाक्य ते पुढें कित्येक दिवस बोलत.

तें वाक्य ऐकतांना आम्हांस लोकमान्यांची आठवण होई. १९१२ सालीं ७ जून रोजीं सत्यभामाबाई पुण्यांत वारल्या, तेव्हां लोकमान्य मंडालेच्या तुरुंगांत होते. तार पोहोंचल्यावर त्यांनीं भाच्यास जें पत्र लिहिलें, त्यांत अशा प्रसंगीं आपण पत्नीजवळ नव्हतों याची खंत आहे, आणि तिच्या खालोखाल चिंता आहे ती मुलांचें शिक्षण अडूं नये याची. आपले आईबाप याहूनहि लहानपणीं गेले होते, असें मुलांस सांगण्यास ते विसरले नाहींत. नऊ वर्षांपूर्वीं, १९०३ सालीं, थोरला विश्वनाथ प्लेगनें गेला होता. तें दुःख निदान घरांत बसून झालें. दूर राहून दुःख करणें ही निराळीच शिक्षा आहे, आणि २०२१ सालीं ती मेलबर्नप्रमाणें कोथरूडांतल्या माणसांसहि भोगावी लागली.

कारण समाचाराला येणेंच बंद होतें. आपली ही रीत किती शहाणपणाची आहे तें ती मोडल्यावर कळलें. माणसें येतात, फारसें बोलत नाहींत, "येतों" न म्हणतां उठून जातात. पण त्यांच्यापुढें तीच हकीकत पंचवीस वेळां सांगतां सांगतां घरच्या माणसाला ती खरी वाटूं लागते. काकूंना ती सांगण्यास कोणी मिळालें नाहीं. शेजाऱ्यांनीं पिठलें-भाताचा डबा दाराच्या कडीला अडकवावा, घंटी वाजवावी आणि जिना उतरून जावें. डबा रोज येई. माणूस येत नसे.

चैत्रगौर तर बसलेलीच होती, आणि आम्हांस सुतक. वरच्या मजल्यावरच्या बाईंनीं निरोप धाडला, "तुमची अन्नपूर्णा झोपाळ्यासकट दाराबाहेर ठेवा, तृतीयेपर्यंत मी सांभाळतें." आमचें घर आजाराचें, म्हणून त्यांनीं देवीस आधीं साबणाच्या पाण्यानें आंघोळ घातली आणि मग पंचामृतानें. हें त्यांनींच फोनवर सांगितलें, तेव्हां काकू प्रथम हंसल्या.

१ मे रोजीं, म्हणजे चौथ्या दिवशीं, रत्नागिरीहून पेटी आली. काकांनीं आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यांत बागवाल्यास फोन करून ती मागविली होती. पैसे दिल्याची नोंद वहींत होती, तारखेपुढची जागा मात्र रिकामी. पेटीचें काय करावें तें कोणास सुचेना. सुतकांत गोड खावयाचें नाहीं, आणि परत धाडावी तर कोणास? काकू आंतून म्हणाल्या, "अरे, अढी घाल. तृतीयेस पितरांना दाखवूं आणि मग खाऊं."

"आजी, तोंवर नासतील ना ग सगळे!" आमची धाकटी म्हणाली.

"नासायचे नाहींत. ते नेहमीं कच्चेच मागवितात."

'मागवितात' हा शब्द आम्हीं सर्वांनीं ऐकला आणि कोणीं दुरुस्त केला नाहीं.

धाकटीची दहावी होती. वर्षभर घोकलेली परीक्षा २० एप्रिलला सरकारनें रद्द केली, तेव्हां ती आनंदानें नाचेल असें आम्हांस वाटलें होतें, ती रडली. मग तिनें अढीचें काम आपल्याकडे घेतलें. कोपऱ्यांतल्या खोलींत पेंढा पसरून फळें लावलीं, रोज सकाळीं एक एक चांचपून पाहिलें, आणि काकांच्या वहींत त्यांच्याच पद्धतीनें रकाने आंखले. दहाव्याचा विधि गच्चीवर झाला, गुरुजी फोनवर. पिंड ठेवून हात मागें घेतो न घेतो तों कावळा शिवला. काकांनीं जन्मांत कोणाला ताटकळत ठेवलें नव्हतें.

पुढें दोन-तीन दिवसांनीं, दुपारीं, काकू त्या खोलीच्या दारांत थबकल्या. "पिकले कां रे?" आम्हीं विचारलें, कशावरून? तर म्हणाल्या, "वास येतोय." तीन आठवड्यांत त्यांस आलेला तो पहिला वास. त्या तेथेंच जमिनीवर बसल्या आणि प्रथमच मनसोक्त रडल्या. आम्ही सारे भोंवतीं बसलों. समाचार म्हणतात तो आमच्या घरीं त्या दिवशीं झाला.

१४ मेला अक्षय्यतृतीया होती. बाराव्यास सपिंडी होऊन काका पितरांत गेलेच होते, तेव्हां त्यांच्या नांवानें उदककुंभ देण्यास कसलीच अडचण नव्हती. घ्यावयास मात्र ब्राह्मण येईना. गुरुजी फोनवर म्हणाले, "तहानलेल्यास द्या." आळी झाडावयास येणाऱ्या बाईंना वाळा घातलेली घागर आणि सहा आंबे दिले. गौरीचें विसर्जन वरच्या बाईंनीं केलें आणि कैरीची डाळ खालीं पाठविली. त्याच दिवशीं रमजान ईद होती. काकांचे कचेरींतले जुने सोबती सणाच्या गडबडींतून वेळ काढून काकूंशीं अर्धा तास बोलले. ज्या शहरांत तयार झालेली लस देशोदेशीं गेली, त्याच शहरांत ती मिळेना याबद्दल त्यांनीं जो संताप व्यक्त केला तो ऐकून काकू म्हणाल्या, "अगदीं यांच्यासारखें बोलतात."

दोन दिवसांनीं तौक्ते वादळ कोंकणच्या किनाऱ्याला घांसून गेलें. पुण्यास वारा आणि पाऊस झाला, पण रत्नागिरीच्या बागांत झाडावरचा आंबा भुईवर आला. बागवाल्यानें फोन केला. काकांची बातमी त्यास ठाऊक नव्हती, ती ऐकून तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "त्यांची पेटी तेवढी वेळेवर काढली गेली म्हणायची." काकूंनीं त्याच्या घराची आणि कलमांची चौकशी केली, आणि पुढच्या वर्षाची पेटी तेव्हांच सांगून ठेवली.

पेटींतलीं नऊ फळें शेवटपर्यंत पिकलीं नाहींत. त्यांचा साखरांबा करून काकूंनीं बरणीला फडकें बांधलें आणि ती कपाटांत मागें सारली. १ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियानें आपल्या नागरिकांस मोकळें केलें, आणि डिसेंबरांत बंधु घरीं आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशीं ते काकांची आंब्यांची वही उघडून बसले. शेवटच्या पानावर धाकटीच्या अक्षरांत लिहिलें होतें: आली १ मे, नग साठ, डागी चार, पितरांस सहा, साखरांब्यास नऊ. त्यांनीं बेरीज पडताळून पाहिली, आणि काकूंकडे पोळीबरोबर साखरांबा मागितला.