वायर ब्रश आधी बाजूला ठेवा

“चकचकीत करून द्या,” म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याला चहा पाजतो. माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात पत्राकामात गेली. मिग-२१ हे लढाऊ विमान तिथेच बनायचं. २६ सप्टेंबर २०२५ ला ते हवाई दलातून निवृत्त झालं, आणि कुणी कॉलेजच्या दालनात मांडायला, कुणी छोट्या संग्रहालयासाठी त्याचे सुटे भाग घेऊन माझ्याकडे यायला लागले. हौस मोठी, पण हातात बहुधा वायर ब्रश!

विमानाचा पत्रा म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम नव्हे. त्यात साधारण चार टक्के तांबं असतं. त्यानं ताकद येते आणि गंजाची खोडही लागते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळसा थर दिलेला असतो. बफ मारून आरसा केलात की आधी हाच थर जातो. वायर ब्रशचं दुखणं वेगळं. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात, ओलावा मिळाला की दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. जाड भागांत हा गंज आतून पसरला, तर धातूला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. मग पॉलिश कशाला करायचं?

गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. सुपर कॉन्स्टेलेशनसारखं अवाढव्य विमान तिथे उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभं आहे. घरचे विमानासमोर फोटो काढतात, मी रिव्हेटभोवती गंजाची पांढरी पूड शोधत फिरतो. सवय जात नाही.

माझं काम कंटाळवाणं आहे. आधी फोटो काढायचे, ठोकलेले नंबर आणि रशियन अक्षरं वहीत उतरवायची. मग कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. कडक झालेलं ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं भिजवून बांबूच्या कामटीनं काढायचं. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो ॲल्युमिनियमच खातो. धुतल्यावर दुमडींतलं, भोकांतलं पाणी पुरतं सुकवायचं. निम्मा गंज धुणाऱ्याच्या आळसातून येतो, असं माझं मत. कॉकपिटच्या पारदर्शक छताला थिनर लावलात तर बारीक तडांचं जाळं उमटतं, ते पुन्हा जात नाही.

दोन ठिकाणी मात्र मी खरंच ओरडतो. आतला हिरवट-पिवळा प्रायमर दिसला की काचपेपर खाली! त्यात बहुधा क्रोमेट असतं, त्याची धूळ कॅन्सरकारक. दुसरं, जुनी मीटरं. काही जुन्या विमानांच्या तबकड्यांवर अंधारात चमकावं म्हणून रेडियमचा रंग असे. चमक कधीच विझलेली असते, पण रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. किरणोत्सर्ग मापकानं तपासल्याशिवाय अशा मीटरची काच उघडायची नाही.

शेवटी मेणाचा पातळ हात, आणि स्टँडला बसवताना पोलादी बोल्टखाली नायलॉनचा वॉशर.

रंगावरून अजून वाद होतात. मिगच्या कॉकपिटचा तो मोरपंखी रंग कुणाला जुनाट वाटतो, कुणाला करडा हवा असतो. नवा रंग द्यायचाच असेल तर वीतभर जागा मूळ थरांसकट सोडा, एवढं मी मागून घेतो. बहुतेक जण भिंतीकडची बाजू देतात. चालतं.